घरातील झाडांवरील पिठ्या ढेकूण

दिवाणखान्यातील क्रोटनच्या पानाचा देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यात कापसाच्या तुसासारखे काही पांढरे दिसू लागले, म्हणजे घरातील माणसे प्रथम त्यास बुरशी समजतात व झाडास पाणी घालणे कमी करतात. त्याने झाड सुधारत नाही. उलट काही दिवसांत पाने चिकट होतात, त्यांवर काजळीसारखा काळा थर धरतो आणि कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग लागते. वस्तुतः ही बुरशी नव्हे. द्राक्ष आणि सीताफळ यांच्या बागाइतदारांना पुरती परिचित असलेली ‘पिठ्या ढेकूण’ ही कीड होय. घरातील कुंड्यांवर तिची जी जात पुष्कळदा आढळते तिचे शास्त्रीय नाव प्लॅनोकॉकस सिट्रि असे आहे.

हा कीटक आपली सोंड झाडाच्या रसवाहिन्यांत खुपसून एका जागी बसतो. या रसात साखर विपुल, परंतु शरीराच्या वाढीस लागणारी नत्रयुक्त द्रव्ये अल्प असतात. ती पुरेशी मिळविण्यासाठी कीटकास रस भरपूर प्यावा लागतो व नको असलेली साखर मधुरसाच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. पानांचा चिकटपणा तो हाच. त्यावरच काजळी बुरशी वाढते व त्याच्याच लोभाने मुंग्या येतात. रसातील उणीव भरून काढण्याची आणखी एक विलक्षण व्यवस्था या कीटकात आहे. त्याच्या पेशींत जीवाणू वास करतात आणि त्या जीवाणूंच्या पोटात दुसऱ्याच जातीचे जीवाणू राहतात, हे २००१ साली उघडकीस आले. अनेक अॅमिनो आम्ले तयार करण्याचे काम हे तिघे मिळून पार पाडतात.

मादीला पंख नसतात. ती मेणकट धाग्यांच्या पिशवीत सुमारे ३०० ते ६०० अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिवळसर पिल्ले चपळ असतात व सोयीची जागा मिळेपर्यंत झाडावर फिरतात. या वेळी त्यांच्या अंगावर मेणाचा लेप जवळजवळ नसतो. पुढे तो चढतो आणि मग पाणी अथवा औषध अंगावरून ओघळून जाते. नर मात्र दोन पंखांचा व नाजूक असून काहीही न खाता थोड्याच दिवसांत मरतो.

इतकी प्रजा होऊनही अंगणातील झाडे सहसा या किडीने मरत नाहीत, मग घरातीलच का मरतात? बाहेर या किडीस चित्रांग भुंगेरे व तिच्या शरीरात अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या खात असतात. पावसाच्या सरीही पिल्ले धुऊन नेतात. घरात यांपैकी काहीच पोहोचत नाही. शत्रूंचा अभाव किती महाग पडतो हे भारताने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर येथे प्रथम आढळला व दोनएक वर्षांत महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. २०१० साली पोर्तो रिको येथून असेरोफॅगस पपाये ही गांधीलमाशी आणून सोडण्यात आली, तेव्हा ती कीड ओसरली. घरातील कुंडी ही एका अर्थी कायमच २००८ सालच्या स्थितीत असते.

तेव्हा घरात शत्रूचे काम माणसालाच करावे लागते. विषारी औषध हा त्याचा पर्याय नव्हे. मेणाखाली ते नीट पोहोचत नाही आणि बंद खोलीत माणसांच्या श्वासात मात्र जाते. कीड दिसताच ती कुंडी इतरांपासून दूर न्यावी. काडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटात भिजवावा व एकेक ढेकूण पुसून काढावा. स्पिरिट मेण विरघळविते. अर्थात जवळपास समई वा निरांजन तेवत नसावे. नंतर झाड, विशेषतः पानांची खालची बाजू, साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावे. मात्र आधी एका पानावर प्रयोग करून पाहावा, कारण काही झाडांची पाने साबणाने करपतात. पिशवीतील अंडी या उपायांतून बचावतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने हेच तीन-चार वेळा करावे लागते. पहिल्या धुण्यानंतर झाड स्वच्छ दिसले की काम संपले असे समजणे, ही सर्वांत सामान्य चूक आहे. तुळशीची पाने तीर्थात व काढ्यात जातात, म्हणून तिच्यासाठी हात आणि साधे पाणी एवढेच वापरावे.

मुंग्यांचा बंदोबस्त निराळा करावा लागतो, कारण त्या या किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पूर्वी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. कुंडीच्या तिवईलाही तोच उपाय लागू पडतो. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास कोवळी, रसाळ फूट येऊन किडीची चंगळ होते, हेही ध्यानी असावे.

गच्चीत वा सज्जात ठेवलेल्या झाडांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. क्रिप्टोलीमस हा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा १८९८ साली भारतात आणला गेला. पिठ्या ढेकूण हेच त्याचे आवडते भक्ष्य. परंतु त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणकट झालरींनी मढलेली असते व हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ढेकणांच्या घोळक्यात एखादा त्यांच्याहून पुष्कळ मोठा व चपळपणे चालणारा पांढरा जीव दिसल्यास त्याला चिरडू नये.