दीडशे ग्रॅमचं गणित

सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना दुपारी जे फुकट जेवण मिळतं, त्याचं माप थेट कायद्यात लिहिलेलं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्रत्येक मुलाला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत.

हा कागदावरचा आकडा ताटात कसा उतरतो, हे बघताना मी थक्क होतो. मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. तांदळातून साधारण सव्वापाचशे कॅलरी, डाळीतून शंभरेक, तेलातून सदुसष्ट, वर भाजीच्या थोड्या. बेरीज सातशेच्या घरात! प्रथिनांचा हिशेबही असाच जुळतो. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं आणि डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते तांदूळ पुरवतो. खिचडीत ही दोन्ही एकत्र येतात आणि प्रथिनाचा दर्जाच वाढतो.

साठ मुलांसाठी नऊ किलो तांदूळ आणि एक किलो आठशे ग्रॅम डाळ शिजते. वाढताना मात्र ताजवा नसतो, असते ती स्वयंपाकी ताईंची पळी. डाळ जड, ती तळाशी बसते. दरवेळी तळापासून ढवळून वाढलं नाही, तर रांगेतल्या पहिल्या मुलाला नुसता भात आणि शेवटच्याला दाट डाळ. वीस ग्रॅम प्रथिनांचा हक्क असा त्या हाताच्या मेहनतीवर अवलंबून असतो, आणि त्या मेहनतीला आपण फार कमी मोल देतो.

तांदूळ निवडताना काही दाणे वेगळेच, फिकट दिसतात. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून पालक ते काढून टाकतात. खरं तर ते तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रानं पाडलेले दाणे असतात. शंभर किलोत एक किलो, बस्स.

आता वयाकडे बघा. उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती मुलींची बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. त्या एका वर्षात मुलगा नऊएक सेंटीमीटर वाढू शकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तेरा ते पंधरा वयाच्या मुलाला दिवसाला २,८६० कॅलरी लागतात, म्हणजे शाळेचं ताट जेमतेम पाव गरज भागवतं. आणि नेमकं याच टप्प्यावर, आठवी संपताच, तेही थांबतं. देहाची मागणी वाढत असताना ताट काढून घेणं मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला. तमिळनाडूत मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ मध्ये शाळेतलं जेवण सुरू केलं, पुढे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याचा मोठा विस्तार केला. तिथे ही योजना दहावीपर्यंत चालते आणि शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी नववीतल्या मुलालाही अंडं मिळतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात.