सार्वजनिक वाहतूक प्रकल्पांतील जोखीम व्यवस्थापन : वाराणसीचे धडे

१५ मे २०१८ रोजी सायंकाळी वाराणसीच्या कँट रेल्वे स्थानकाजवळ बांधकाम सुरू असलेल्या चौकाघाट-लहरतारा उड्डाणपुलाच्या तुळया खालच्या वाहत्या रस्त्यावर कोसळल्या. किमान १५ जणांना प्राण गमवावे लागले. तुळया खांबांवर चढवल्यानंतर आडव्या तुळयांनी परस्परांना जोडल्या गेल्या नव्हत्या, ही बाब चौकशीत पुढे आली. खालची वाहतूकही थांबवलेली नव्हती. पुढे पाचच वर्षांनी, २४ मार्च २०२३ रोजी, याच कँट स्थानकापासून सुरू होणाऱ्या शहरी रोपवेची पायाभरणी झाली. एकाच परिसरातील या दोन घटना विकास प्रशासनाच्या अभ्यासकापुढे एक मूलभूत प्रश्न उभा करतात. वाहत्या शहराच्या मध्यभागी मोठे बांधकाम करताना जोखीम कशी ओळखावी, तिचे मोजमाप कसे करावे आणि तिचा भार कोणी वाहावा?

जोखीम म्हणजे काय?

दैनंदिन व्यवहारात ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द समानार्थी वापरले जातात. शास्त्रीय विवेचनात मात्र त्यांत भेद आहे. खांबावर ठेवलेली, पण न जोडलेली तुळई हा धोका होय. ती कोसळण्याची संभाव्यता आणि कोसळल्यास होणाऱ्या हानीची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. त्याच तुळईखालील रस्ता बंद असेल तर धोका कायम राहतो, पण जीवितहानीची जोखीम जवळजवळ संपते. वाराणसीच्या दुर्घटनेचे मर्म या भेदातच आहे. तुळया बांधून घेणे हा पहिला उपाय होता आणि वाहतूक वळवणे हा दुसरा. दोन्ही उपाय एकाच वेळी गैरहजर राहिले.

काशीची वैशिष्ट्यपूर्ण परिस्थिती

वाराणसीत २०१५-१६ च्या सुमारास ‘राइट्स’ या सार्वजनिक उपक्रमाने सुमारे २९ किलोमीटर लांबीच्या दोन मेट्रो मार्गिकांचा प्रस्ताव तयार केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने मेट्रोचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी बस, ट्राम आदी पर्यायांचे तौलनिक विश्लेषण बंधनकारक केले. पर्यायांचे विश्लेषण हेही जोखीम व्यवस्थापनच होय, कारण सर्वांत मोठी जोखीम बहुधा बांधकामात नसून चुकीच्या साधनाच्या निवडीत असते.

वाराणसीसाठी पुढे रोपवेचा पर्याय स्वीकारण्यात आला. कँट स्थानक ते गोदौलिया या पावणेचार किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरासाठी सुमारे ६४५ कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित धरण्यात आला. काशी विद्यापीठ, रथयात्रा आणि गिरजाघर ही मधली स्थानके असून, गिरजाघर हे तांत्रिक स्थानक आहे. एका दिशेने ताशी ३,००० प्रवाशांची वहनक्षमता व सुमारे १६ मिनिटांचा प्रवासकाळ नियोजित आहे. अंमलबजावणीची जबाबदारी ‘नॅशनल हायवेज लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट लिमिटेड’कडे सोपवण्यात आली.

रोपवेला सलग भुयार वा सलग पूल लागत नाही; जमिनीवर उतरतात ते केवळ मनोरे आणि स्थानके. त्यामुळे भूगर्भीय जोखीम मर्यादित राहते, पण नाहीशी होत नाही. हे शहर गंगेच्या गाळाच्या थरांवर वसले असून त्याच्या पोटात शाही नाल्यासारखी जुनी भूमिगत गटारे आहेत. जुन्या शहरांत अशा वाहिन्यांचे नकाशे अनेकदा अपुरे असतात, म्हणून प्रत्येक मनोऱ्याच्या पायाआधी प्रत्यक्ष चाचणी-खड्डे घेणे अपरिहार्य ठरते. वारसास्थळांचे बंधनही आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारलेले विश्वनाथ मंदिर आणि दशाश्वमेध घाट गोदौलियापासून पायी अंतरावर आहेत, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. अशा दाट वस्तीत जमिनीची प्रत्येक पट्टी वादाचा विषय होऊ शकते. २०२५ मध्ये काही भूधारकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या प्रकल्पातील संबंधित जागेबाबत ‘जैसे थे’ स्थिती राखण्याचा आदेश दिला होता.

मूल्यमापनाची पद्धत

मोठ्या प्रकल्पात जोखीम नोंदवही ठेवली जाते. तीत प्रत्येक जोखमीचे वर्णन, कारण, संभाव्यता, तीव्रता, उपाय आणि त्यासाठी उत्तरदायी व्यक्तीचे पद यांची नोंद असते. संभाव्यता व तीव्रता यांना १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची पद्धत रूढ आहे.

या पद्धतीची मर्यादा मात्र ध्यानात घ्यावयास हवी. उदाहरणादाखल, खोदकामात जलवाहिनी फुटण्याची संभाव्यता ४ आणि तीव्रता २ धरली, तर गुणाकार ८ येतो. तुळई कोसळण्याची संभाव्यता १ आणि तीव्रता ५ धरली, तर तो ५ येतो. केवळ आकड्यांवर विसंबल्यास जलवाहिनीला अग्रक्रम मिळेल. म्हणून जीवितहानीच्या जोखमीसाठी वेगळा नियम आवश्यक ठरतो. गुणांक कितीही कमी असो, नियंत्रण सिद्ध झाल्याशिवाय काम सुरू करता येणार नाही, असा तो नियम.

खर्च आणि वेळेच्या अंदाजांतही पद्धतशीर चूक आढळते. बेंट फ्लिव्हबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रेल्वे प्रकल्पांचा प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी सुमारे ४५ टक्के, पूल व बोगद्यांचा सुमारे ३४ टक्के आणि रस्त्यांचा सुमारे २० टक्के अधिक आढळला. मुंबईच्या मेट्रो-३ मार्गिकेचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. तो पुढे ३७,२७६ कोटींवर गेला. कारशेडच्या जागेच्या वादामुळे झालेल्या विलंबाचाही त्यात वाटा होता. ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली. यावर सुचवला जाणारा उपाय असा की, प्रकल्पाचा अंदाज केवळ त्याच्या आराखड्यावरून न करता तत्सम पूर्ण झालेल्या प्रकल्पांच्या अनुभवाशी ताडून पाहावा आणि त्यानुसार आकस्मिक निधीची तरतूद करावी.

व्यवस्थापनाचे चार मार्ग

जोखमीला सामोरे जाण्याचे चार मार्ग सांगितले जातात : टाळणे, कमी करणे, हस्तांतरित करणे आणि स्वीकारणे. मार्गिका बदलून जुनी इमारत वाचवणे म्हणजे जोखीम टाळणे. तुळई रात्री, वाहतूक बंद ठेवून चढवणे म्हणजे ती कमी करणे. विमा किंवा करार यांद्वारे ती हस्तांतरित होते. उरलेली अल्प जोखीम जाणीवपूर्वक स्वीकारून तिच्यासाठी आपत्कालीन सिद्धता ठेवावी लागते.

हस्तांतरणाचे सर्वमान्य तत्त्व असे की, जो पक्ष एखादी जोखीम सर्वाधिक सक्षमतेने हाताळू शकतो, त्याच्याकडेच ती सोपवावी. वाराणसी रोपवेसाठी स्वीकारलेले ‘हायब्रिड अ‍ॅन्युइटी’ प्रारूप याच तत्त्वावर आधारलेले आहे. त्यात खर्चाचा काही भाग शासन बांधकामकाळात देते आणि उर्वरित रक्कम ठरावीक वर्षांत हप्त्यांनी अदा करते. प्रवासी अपेक्षेपेक्षा कमी आल्यास होणारी उत्पन्नाची जोखीम त्यामुळे मुख्यतः शासनाकडे राहते, तर बांधकाम व देखभालीची जोखीम कंत्राटदाराकडे जाते. भूसंपादन मात्र शासनाचीच जबाबदारी आहे, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील अधिकार खासगी पक्षाकडे नसतात.

इतर शहरांचा अनुभव

१२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोच्या बांधकामाचा भाग कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. दिल्ली मेट्रोचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो स्वीकारण्यात आला नाही. दुसऱ्याच दिवशी अवशेष हटवताना तेथे क्रेनही कोसळल्या. बचावकार्य व साफसफाई यांचेही स्वतंत्र जोखीम मूल्यमापन हवे, हा त्यातील बोध. कोलकात्याच्या बोबाजार भागात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बोगदा खोदणारे यंत्र भूजलाच्या थराला भिडले. पाणी व माती आत आली, वरची जमीन खचली आणि अनेक जुन्या घरांना तडे गेले. शेकडो रहिवाशांना घरे सोडावी लागली. झारखंडमधील त्रिकूट येथील पर्यटन रोपवेला १० एप्रिल २०२२ रोजी अपघात झाला, तेव्हा अडकलेल्या प्रवाशांच्या सुटकेसाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. अरुंद गल्ल्यांच्या शहरावरून जाणाऱ्या रोपवेसाठी सुटकेचा आराखडा किती निर्णायक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

या सर्व घटनांत एक समान सूत्र दिसते. ज्यांनी जोखीम निर्माण केली ते आणि ज्यांनी तिची किंमत मोजली ते वेगळे होते. पुलाखालून घरी जाणाऱ्या वाहनचालकाला तुळया जोडल्या आहेत की नाहीत हे कळण्याचा मार्ग नव्हता. बोबाजारच्या रहिवाशाचे मत बोगद्याच्या आखणीत विचारले गेले नव्हते. करारातील दोन पक्षांमध्ये जोखमीची वाटणी कितीही काटेकोर असली, तरी कराराबाहेरच्या तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे नागरिकाचे, संरक्षण त्यातून आपोआप होत नाही. त्यासाठी काम थांबवण्याचा अधिकार असलेला स्वतंत्र सुरक्षा पर्यवेक्षक, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याची काटेकोर अंमलबजावणी, वाहतूक पोलिसांशी आधीच ठरलेला समन्वय आणि चौकशी अहवालांचे प्रकाशन या चार बाबी आवश्यक आहेत.

निलंबन व अटक या दुर्घटनेनंतरच्या कारवाया होत. जोखीम व्यवस्थापनाचे यश मात्र न घडलेल्या दुर्घटनेत असते. ते वृत्तपत्रांत येत नाही आणि म्हणूनच त्यासाठीचा खर्च सर्वप्रथम कापला जातो. काशीसारख्या प्राचीन नगरीत नवी वाहतूक व्यवस्था उभारताना ही कपात टाळणे, हीच प्रशासनाच्या दूरदृष्टीची खरी कसोटी ठरेल.