केमिस्टची सही कुठवर चालते
लेखमाला : कारखाना आणि रसायन – होटगी

सिमेंटच्या ग्राइंडिंग युनिटमध्ये भट्टी नसते. चुनखडी भाजून तयार झालेला क्लिंकर बाहेरून येतो. त्यात थोडे जिप्सम आणि फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक केंद्राची राख, घालून दळले की सिमेंट झाले. दक्षिण सोलापूर तालुक्यात होटगीला अल्ट्राटेकचे असे युनिट आहे. अशा कारखान्याला ही जागा सोयीची आहे. सोलापूरहून येणाऱ्या लोहमार्गाला इथे विजापूर-गदगकडचा फाटा फुटतो, सरळ पूर्वेला गेले की कलबुर्गी, शहाबाद, वाडी हा चुनखडीचा पट्टा लागतो, आणि फताटेवाडीला एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्र उभे राहिल्यापासून राखही हाताशी आली.

रसायनशास्त्राचा पदवीधर अशा ठिकाणी लागतो तो बहुधा ट्रेनी केमिस्ट म्हणून, शिफ्टमध्ये. त्याची पुढची वाटचाल पदनामावरून मोजण्यात अर्थ नाही. पद बदलते आणि काम तेच राहते, असे पुष्कळदा होते. त्याच्या सहीवर काय अडते, हे पाहावे. सुरुवातीला तासाभराचे मिल-सेटिंग अडते, पुढे दिवसाचा माल, आणि बऱ्याच वर्षांनी ग्राहकाच्या हाती जाणारे टेस्ट सर्टिफिकेट.

शिफ्ट केमिस्टचे काम ठरलेले असते. मिलच्या तोंडाशी नमुना घ्यायचा, ब्लेन यंत्रावर बारीकपणा पाहायचा, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर किती उरते ते तोलायचे आणि आकडा कंट्रोल रूमला फोनवर सांगायचा. ब्लेन घसरले की फीड कमी करा, फार चढले की वीज फुकट जाते आहे. पोर्टलँड पॉझोलाना सिमेंटसाठी भारतीय मानक आयएस १४८९ दर किलोला किमान ३०० चौरस मीटर पृष्ठफळ मागते आणि राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवते. हे प्रमाण तपासण्याची जुनी रीत अजून टिकून आहे. क्लिंकर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो, राख बहुतांशी विरघळत नाही. उरलेला गाळ भाजून तोलला की राख किती पडली याचा अंदाज येतो. राखेतला न जळलेला कोळसाही पाहावा लागतो. त्यासाठी राख तापवून वजनातली घट मोजतात, आणि ती ५ टक्क्यांच्या वर चालत नाही.

खरी कसोटी लागते ती क्यूबला, म्हणजे सिमेंट-वाळूच्या ठोकळ्याला. २०० ग्रॅम सिमेंट, ६०० ग्रॅम प्रमाणित वाळू. पाणी किती, हे विकाट यंत्रावर आधी काढलेल्या कन्सिस्टन्सीवरून ठरते. कन्सिस्टन्सीचा चौथा हिस्सा, अधिक ३, इतके टक्के पाणी. ती ३२ आली तर ११ टक्के, म्हणजे ८०० ग्रॅमला ८८ ग्रॅम. मिश्रण ७०.६ मिलिमीटरच्या साच्यात भरून व्हायब्रेटरवर २ मिनिटे हलवतात, दमट हवेत एक दिवस ठेवतात आणि साचा काढून २७ अंशांच्या पाण्यात सोडतात. मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी क्यूब फोडायचे. किमान ताकद अनुक्रमे १६, २२ आणि ३३ मेगापास्कल. ३३ मेगापास्कल म्हणजे त्या मुठीएवढ्या ठोकळ्याने जवळपास १७ टनांचा भार पेलणे. आकडे सोपे वाटतात, पण पाणी दोन ग्रॅम जास्त पडले, साचा नीट पुसला गेला नाही किंवा टाकीतले पाणी थंडीत २२ अंशांवर गेले, की चांगले सिमेंटही नापास दिसते. चांगल्या केमिस्टचा आणि कामचलाऊ केमिस्टचा फरक इथे कळतो. एकच नमुना दोघांनी केला आणि आकडे जुळले, तरच त्या प्रयोगशाळेवर विसंबता येते.

अडचण अशी की २८ दिवस कुणी थांबत नाही. गोणी भरून माल गेलेला असतो, स्लॅब पडलेला असतो, आणि क्यूब अजून पाण्यातच असतो. म्हणून अनुभवी माणूस १ आणि ३ दिवसांच्या ताकदीवरून, क्लिंकरच्या रसायनावरून आणि बारीकपणावरून २८ दिवसांचा आकडा आधीच बांधतो. हे कुठल्या अभ्यासक्रमात पुरते शिकवत नाहीत. जुन्या वह्यांतले आकडे काढून, आलेख मांडून, चुकत चुकत ते येते, आणि ज्याला येते तो क्वालिटी विभागाचा प्रमुख होतो. हरियाणातील बल्लभगढच्या राष्ट्रीय सिमेंट व बांधकाम साहित्य परिषदेचे अल्पमुदतीचे वर्ग या टप्प्यावर उपयोगी पडतात. नव्याने लागलेल्याला पाठवले तर त्याच्या पदरात फारसे पडत नाही.

एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र आल्यापासून कॅल्शियम, सिलिका, अ‍ॅल्युमिना, लोह यांचे आकडे काही मिनिटांत पडद्यावर येतात. ईडीटीएचे टायट्रेशन करत दुपार घालवणारा केमिस्ट आता दुर्मीळ झाला. मात्र यंत्राचे कॅलिब्रेशन सरकले की ते सरकल्याचे यंत्र सांगत नाही. ओल्या पद्धतीने पडताळणारा कुणी तरी लागतोच, आणि ती माणसे कमी होत चालल्यामुळे त्यांची किंमत वाढली आहे. नव्या पदवीधराने ब्युरेटला जुनाट म्हणून हिणवू नये, हे निव्वळ नोकरीच्या हिशेबानेही खरे आहे.

होटगी रस्त्याने सोलापूरकडे निघाले की कुमठ्याला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना लागतो. विमानसेवेसाठी ज्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, तोच. साखर कारखान्यातली शिडी वेगळी असते: लॅब केमिस्ट, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, डेप्युटी चीफ, मग चीफ केमिस्ट. ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (त्यातली साखर) आणि शुद्धता यांतून अखेर साखर उतारा निघतो, आणि त्या आकड्याला शेतकऱ्याचे पैसे बांधलेले असतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, ठरली, आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. दशांशाच्या पहिल्या घरातली चूक उसाच्या हजारो बिलांत उतरते. अशी जबाबदारी सिमेंटच्या केमिस्टवर सहसा येत नाही. उलट बाजू अशी की ही नोकरी बऱ्याच जणांसाठी हंगामी असते. बॉयलर थंड झाला की मधले महिने रिकामे. या काळात पुण्याजवळच्या मांजरीतील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा साखर तंत्रज्ञानाचा किंवा अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पदरात पाडून घेणारे पुढे जातात. इथेनॉलमुळे डिस्टिलरीकडे वळलेल्यांना हंगामाची धास्तीही कमी असते.

एनटीपीसीत रसायनशास्त्रज्ञाचे मुख्य गिऱ्हाईक पाणी असते. तिथले दोन्ही ६६० मेगावॉटचे संच सुपरक्रिटिकल आहेत. अशा बॉयलरला ड्रम नसतो, त्यामुळे क्षार साचवून काढून टाकायला जागाच नसते. जे पाण्यात जाईल ते थेट टर्बाइनच्या पात्यांवर बसणार. म्हणून उजनी धरणाचे पाणी आधी जवळजवळ निखळ करावे लागते आणि सिलिका अब्जांशात मोजावी लागते. इथली भरती अखिल भारतीय जाहिरातीने होते, एमएस्सी लागते आणि बदली देशात कुठेही होऊ शकते. घर न सोडणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

सोलापुरातली चौथी वाट संश्लेषणाची. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्सचे कारखाने तामलवाडी आणि चिंचोली एमआयडीसीत आहेत. मिथेनॉल आणि अमोनिया उत्प्रेरकावरून नेले की मोनो, डाय आणि ट्राय अशी तीन मिथिलअमाइन्स एकत्र निघतात. बाजाराला हवे तेवढेच डायमिथिलअमाइन निघेल असे कधी होत नाही. नको असलेले परत फिरवून समतोल साधावा लागतो. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन डायमिथिलअमाइनच्या क्षारापासून बनते, त्यामुळे अशा मालाच्या गिऱ्हाइकांत औषध कंपन्या येतात आणि त्या आपले ऑडिटर पाठवतात. त्यांच्या प्रश्नांना कागदपत्रांनिशी उत्तर देणारा क्यूए केमिस्ट दोन-चार वर्षांत जे शिकतो, ते त्याला हैदराबाद, अंकलेश्वर, तारापूर कुठेही चालते. प्रयोगशाळेतली १०० ग्रॅमची प्रक्रिया टनावर नेणाऱ्यांना पगार अधिक, आणि उष्णता आवरण्याची चिंताही अधिक.

पदवीनंतर नोकरी सोडून शिकणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ केमिस्ट्सची असोसिएटशिप परीक्षा आहे. ही संस्था १९२७ ची. अन्नसुरक्षा नियमांनुसार फूड अ‍ॅनालिस्ट होण्यासाठी एमएस्सीऐवजी या संस्थेची अन्नविश्लेषण विभागातली असोसिएटशिप चालते. अन्न तपासणीचा ३ वर्षांचा अनुभव आणि पात्रता परीक्षा मात्र लागते. दुसरी गोष्ट आयएसओ १७०२५ ची, म्हणजे चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या मानकाची. त्यानुसार एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळांत अहवालावर सही करण्याचा अधिकार व्यक्तीच्या नावाने, चाचणीगणिक दिलेला असतो. कारखान्यातून बाहेर पडून अशा प्रयोगशाळेत शिरणाऱ्याच्या अनुभवपत्रात नेमक्या चाचण्यांची नावे असतील तर बोलणी लवकर होतात. नुसते ‘क्यूसी विभागात काम केले’ एवढ्याने भागत नाही.

येत्या काही वर्षांत सिमेंटचा केमिस्ट कार्बनच्या हिशेबात ओढला जाणार हे दिसतेच आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, इंधन कोणतेही वापरा. त्यामुळे गोणीत क्लिंकर किती कमी बसवता येतो, यावर सगळे येऊन ठेपते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेल्या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक २०२३ मध्ये आले, आणि त्याच वर्षी केंद्राने कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजनाही जाहीर केली. अशा कामाला लागणारी ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा केवळ इंजिनिअरांसाठी आहे, असा समज प्रयोगशाळांत पक्का आहे. प्रत्यक्षात रसायनशास्त्राचा एमएस्सी, ऊर्जावापराशी संबंधित ३ वर्षांच्या अनुभवावर, तिला बसू शकतो. अट एवढीच की बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही असले पाहिजेत. बारावीनंतर गणित टाकून दिलेल्यांना मात्र ही परीक्षा देता येत नाही.