खुर्चीतून उठताना स्नायूंत काय घडतं?

दोन्ही हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर स्नायूक्षयाची म्हणजे सार्कोपेनियाची तपासणी करून घ्यावी. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून आपल्या घरांत हे लक्षण सोडून दिलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

उठताना मांडीच्या स्नायूला मज्जातंतूचा संदेश येतो. त्यासरशी पेशीतल्या साठ्याची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर पडतं आणि प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकून स्नायू आकसतो. यासाठी लागणारी ऊर्जा मायटोकॉन्ड्रियांत तयार होते. तिथे अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि शेवटी पाणी बनतं. थोडे इलेक्ट्रॉन मात्र वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हा अत्यंत क्रियाशील रेणू जन्मतो. अशा मुक्त कणांमुळे शरीर म्हातारं होतं, हा विचार डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला.

शरीर काही हात बांधून बसलेलं नसतं. जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखलेलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम या कणांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढे कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोनवर चालणारी एन्झाइमं त्याचं पाणी करून टाकतात. उतारवयात मायटोकॉन्ड्रिया थकतात, खराब झालेले वेळेवर मोडीत निघत नाहीत, गळती वाढते आणि हा बंदोबस्त अपुरा पडतो. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

घाव नेमका कुठे बसतो? २०११ मध्ये म्हाताऱ्या उंदरांवर झालेल्या संशोधनात कॅल्शियमची ती दारंच ऑक्सिडेशनने बिघडलेली आढळली. ती नीट बंद होत नाहीत. साठा झिरपत राहतो, मग ऐन वेळी पुरेसं कॅल्शियम सुटत नाही. झिरपलेलं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियांत शिरून आणखी मुक्त कण तयार करवतं आणि ते पुन्हा दारांवरच घाला घालतात. माणसांतही ताकद मांसापेक्षा लवकर ओसरते. दंड भरलेला दिसतो, पण पाण्याची कळशी उचलवत नाही. त्यामागच्या कारणांपैकी हे एक असावं. मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधाही यात ढिला होतो. शिवाय बैठं आयुष्य, अपुरी प्रथिनं, अंगात मुरलेला दाह आणि घटती संप्रेरकं ही कारणं आहेतच.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? इथेच गोष्ट उलटते. व्यायाम करतानाही मुक्त कण वाढतात, पण ते थोड्या वेळापुरते. पेशी त्यांचा इशारा समजून घेते, स्वतःची एन्झाइमं वाढवते, नवे मायटोकॉन्ड्रिया घडवते. नॉर्वेत वयस्क पुरुषांना वजनं उचलण्याचा व्यायाम देऊन काहींना क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली, पण गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगी मांस कमी भरलं. आवळा, पेरू, पालेभाज्या खुशाल खाव्यात; प्रश्न या मोठ्या मात्रांचा आहे. ठणठणीत माणसाने ताकदीसाठी त्या विकत घ्याव्यात, असं मला वाटत नाही.

व्यायामाला उशीर झाला, हा समजही खोटा आहे. १९९० मध्ये मारिया फियाटारोन यांनी बोस्टनच्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या घरातल्या अशक्त मंडळींकडून ८ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांची पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. चालण्याची गती वाढली, आणि दोघांची काठीही सुटली.

आपल्याकडे सुरुवात त्याच खुर्चीपासून करता येते: ती भिंतीला टेकवायची, शेजारी कुणीतरी उभं राहायचं, सुरुवातीला हातांचा आधार घ्यायचा आणि जमेल तसा तो कमी करायचा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. रोजच्या जेवणात प्रत्येक किलो वजनामागे निदान १ ग्रॅम प्रथिन जावं. वरणभात, भाकरी आणि भाजी एवढ्यावर ज्येष्ठांचा हा हिशेब बहुधा भरत नाही, म्हणून दही, उसळ, अंडी किंवा मासे ताटात मुद्दाम वाढावे लागतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.