भुताचा सिनेमा लागला की कुणी सरसावून बसतं, कुणी उठून का जातं?

पावसाळी वीकेंड, लोणावळ्यातला बंगला, रात्री ‘लपाछपी’ (2017) लावलेला. एक जण सरसावून बसतो, दुसरी उठून व्हरांड्यात जाते. घाबरतात दोघंही. मेंदूतला अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो, ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते.

मग फरक कुठे? नागफणीच्या कड्यावरून रॅपलिंग करताना मजा येते, कारण दोरीवर भरवसा असतो. सिनेमात ती दोरी म्हणजे ‘हे खोटं आहे’ ही जाणीव. काहींची ती पटकन सुटते. पडद्यावरच्या गरोदर नेहाची भीती त्यांना स्वतःचीच वाटते. शिवाय थराराची ओढ मुळातच कमी-जास्त असते, असं मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांचं म्हणणं. त्यात ‘घाबरट’ म्हणून चिडवण्यासारखं काही नाही. बळेच बसवलं, तर घाट उतरून घरी गेल्यावरही त्यांना दिवा लावूनच झोपावं लागतं.