लाइट स्टँड घेताना: दिव्याआधी पाया पाहावा

कापडाचा धंदा आता बराचसा फोटोवर चालू लागला आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा माल असो की येवल्याची पैठणी, बाहेरगावचा व्यापारी ठाण हाती घेण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो मागवतो. दुसरीकडे आपली बरीच तरुण मुले लग्नकार्याच्या फोटोग्राफीवर स्वतःच्या पायावर उभी आहेत. या दोघांनाही कॅमेरा आणि दिवा यांची माहिती दुकानदार भरपूर देतो. तो दिवा ज्यावर उभा राहणार त्या स्टँडची चौकशी मात्र कोणी करीत नाही. खरेदी आटोपल्यावर 'एक स्टँडही टाका' एवढ्यावर काम भागते. आमच्या पेढीवर साड्या व ड्रेस मटेरियलचे फोटो आम्ही घरच्या घरी काढतो. त्या तजुर्ब्यावरून आणि लग्नाचे काम करणाऱ्या ओळखीच्या फोटोग्राफरांशी झालेल्या बोलण्यावरून काही गोष्टी व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

स्टँड कशासाठी?

दिवा माणसाच्या हातात दिला तर प्रत्येक फोटोत त्याची जागा थोडी बदलते. लग्नात ते खपून जाते. कापडात खपत नाही. मोरपंखी रंगाची साडी एका फोटोत हिरवी आणि दुसऱ्यात निळी दिसली, तर माल परत येतो आणि येण्याजाण्याचे भाडे आपल्या अंगावर पडते. स्टँडमुळे दिवा रोज त्याच जागी, त्याच उंचीवर उभा करता येतो. जमिनीवर तिन्ही पायांच्या जागी खडूची खूण करावी आणि स्टँडच्या नळीवर उंचीची रेघ मारावी. म्हणजे आज काढलेला फोटो आणि तीन महिन्यांनी काढलेला फोटो यांत उजेड सारखा राहतो. कॅमेऱ्यातील रंगाची सेटिंगही तीच ठेवावी आणि फोटोच्या वेळी खोलीतील ट्यूबलाइट बंद करावी, हे ओघाने आलेच. मालाचा ऐब लपवून विकणे आपल्याकडे कधीच जायज मानलेले नाही. फोटोत रंग जसा आहे तसा दाखवणे हा त्याच इमानदारीचा भाग समजावा.

कापडाचा पोत दाखवायचा असेल तर दिवा बाजूने व खाली ठेवावा लागतो. औरंगाबादी हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र असते. समोरून उजेड टाकला तर दोन्ही सपाट दिसतात, बाजूने टाकला तर रेशमाची बुट्टी उठून येते. याउलट सपाट पसरलेल्या कापडाचा रंग व डिझाइन अचूक हवे असेल तर दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, साधारण 45 अंशांच्या कोनात दोन दिवे लावतात. म्हणून स्टँड किती वर जातो एवढेच नव्हे, तर किती खाली येतो हेही पाहून घ्यावे. पाय उलटे वर घडी होणारे स्टँड बरेच खाली येतात.

उंचीचा आकडा

खोक्यावर 'नऊ फूट' लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक त्यावरच खूश होते. पण शेवटची नळी सर्वांत बारीक असते आणि ती पूर्ण बाहेर काढली की वरचा दिवा डुलू लागतो. उभ्या माणसासाठी दिवा सात ते आठ फुटांवर पुरतो. म्हणून नऊ फुटी स्टँड घेऊन तो आठ फुटांपर्यंतच वापरावा. सात फुटी स्टँड पूर्ण ताणण्यापेक्षा ते बरे. उंची वाढवताना आधी जाड नळी काढावी, बारीक नळी शेवटी.

वजनाच्या आकड्याचेही तसेच आहे. तो आकडा दिवा बरोबर मधोमध, सरळ उभा असतानाचा असतो. दिव्याला सॉफ्टबॉक्स लावला की वजन पुढे झुकते. आमचा हिशेब असा की दिवा, सॉफ्टबॉक्स व वायर मिळून जेवढे वजन होईल त्याच्या दुपटीचा स्टँड घ्यावा. पूर्वी कॅमेऱ्यावरची छोटी फ्लॅश पाव-अर्ध्या किलोची असे, तिला हलका स्टँड चालत असे. आजचा मोठा एलईडी दिवा सॉफ्टबॉक्ससह दोन-तीन किलोंवर जातो. त्याला तोच जुना स्टँड लावणे म्हणजे दुर्घटनेला निमंत्रण देणे होय.

तोल कसा राहतो

तीन पायांची टोके जोडली तर जमिनीवर एक त्रिकोण होतो. वजनाचा भार या त्रिकोणाच्या आत आहे तोवर स्टँड उभा राहतो. पायाच्या दिशेने आधार लांब असतो, दोन पायांमधल्या बाजूने तो निम्माच असतो. म्हणून सॉफ्टबॉक्स ज्या बाजूला झुकलेला आहे त्याच बाजूला एक पाय आणावा. एवढ्या एका गोष्टीने त्या बाजूचा आधार दुप्पट होतो आणि पैसा काहीच लागत नाही. पाय पुरते पसरावेत. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जमिनीला समांतर झाल्या की पसर बरोबर झाला असे समजावे. मधली नळी जमिनीला टेकू देऊ नये.

खरा दुश्मन वारा. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स हे शिडासारखे काम करतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. उघड्या मैदानातील मंडपात, गच्चीवर आणि हॉलमधील मोठ्या पंख्यांसमोर हा रेटा लहान समजू नये. पायावर पाच-सात किलोंची वाळूची पिशवी टाकावी. जाड कॅनव्हासच्या तुकड्यातून ती आपला शिंपी तासाभरात शिवून देईल. जोराचा वारा असेल तर पिशवीवरही भरवसा न ठेवता एक माणूस स्टँड धरून उभा करावा. वायर पायाजवळ एक वेढा देऊन मग न्यावी आणि जमिनीला टेपने चिकटवावी. लग्नात मुले धावत असतात. कोणाचा पाय वायरीत अडकून दिवा एखाद्या पाहुण्यावर पडला, तर त्याचा हिशेब कोणत्याही बिलात बसणार नाही.

दुकानात पारख

आपण कापड बोटांनी पारखतो. स्टँडही तसाच हातात घेऊन पारखावा.

स्टँड पूर्ण उभा करून सर्व नॉब आवळावेत आणि वरून हाताने दाबावे. नळी खाली सरकली तर तो परत ठेवावा. मग वरचे टोक हलवून पाहावे. पायांच्या रिबिटांत खेळ असेल तर तो वापराने वाढतच जाईल. नळीभोवतीची कॉलर प्लास्टिकची असेल तर तिला चीर नाही ना ते पाहावे.

त्यानंतर एक नॉब हळूच सैल करावा. 'एअर कुशन' असलेल्या स्टँडची नळी आत अडकलेल्या हवेमुळे सावकाश उतरते. साध्या स्टँडची नळी धाडकन आदळते, तिच्याबरोबर दिवाही आदळतो आणि बोटे सापडतात. महाग दिव्यासाठी एअर कुशनच घ्यावे. काही स्टँडमध्ये हवेऐवजी स्प्रिंग असते, तीही चालते.

वरच्या टोकाची पिन सामान्यतः 16 मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यावर पाव इंची किंवा तीन-अष्टमांश इंची आटे असतात. आपला दिवा किंवा मोबाईलचा होल्डर सोबत नेऊन तो बसतो की नाही हे तिथेच पाहावे. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारात असे सामान एकाच गल्लीत अनेक दुकानांत मिळते, त्यामुळे चार स्टँड हाताळून पाहता येतात. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी पक्के बिल घ्यावे.

नेण्याआणण्याची सोय

हलके स्टँड ही गरज कामातूनच निघालेली आहे. इटलीतील लिनो मानफ्रोटो हे मूळचे वृत्तपत्र छायाचित्रकार. स्टुडिओतील अवजड स्टँड वागवणे त्रासाचे होते, म्हणून त्यांनी स्वतःच हलके स्टँड बनवायला सुरुवात केली आणि 1972 मध्ये त्याची कंपनी झाली. त्याच कंपनीचा 'नॅनो' हा छोटा स्टँड घडी केल्यावर अर्ध्या मीटरच्या आसपास राहतो आणि सहा फुटांवर उंच होतो. पण तो फक्त दीड किलो वजन पेलतो. हलकेपणाची किंमत अशी दुसरीकडे द्यावी लागते. याउलट सिनेमावाल्यांचा पोलादी 'सी-स्टँड' फार भक्कम, परंतु मोटारसायकलवर न्यायचा नव्हे.

कोणी कोणता घ्यावा?

दुकानात किंवा गोदामात एकाच जागी फोटो काढणाऱ्याने घडीची चिंता करू नये. त्याने रुंद पायांचे, जड, एकाच जातीचे दोन स्टँड घ्यावेत. लग्नाचे काम करणाऱ्याने नऊ फुटी एअर कुशनचा ॲल्युमिनियम स्टँड व दोन रिकाम्या पिशव्या ठेवाव्यात. वाळू जिथे काम तिथे मिळते. लोकल किंवा एस.टी.ने गावोगाव नमुने दाखवत फिरणाऱ्याला छोटा घडीचा स्टँड व हलका दिवा पुरे. मात्र त्यावर मोठा सॉफ्टबॉक्स चढवण्याचा मोह टाळावा.

वापरानंतर नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. कोकणपट्टीत खारी हवा असल्याने हे रोज करावे. नॉबच्या पकडीत तेल घालू नये, नळी घसरू लागते. पैसे मोजके असतील तर दिवा एक पायरी लहान घ्यावा आणि स्टँड एक पायरी मोठा. दिवे दर दोन-चार वर्षांनी बदलतात, पण चांगला स्टँड त्यांतले कित्येक दिवे आपल्या डोक्यावर घेऊन उभा राहतो.