शेतातला सेन्सर कर्नलला कसा कळतो

चिपांना जोडणाऱ्या ‘आय-टू-सी’ तारांवर जोडलेला मातीचा सेन्सर स्वतःची ओळख सांगत नाही. पेनड्राइव्ह लावला की संगणकाला लगेच कळतो; या सेन्सरचे तसे नाही. त्याचा पत्ता काय, वीज कुठून येते, त्याला जागे करायला कोणती पिन लागते, हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, आधी लिहून द्यावे लागते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊसशेतीचा प्रयोग केला, तेव्हापासून सेन्सर आणि हवामान केंद्रे बारामती-इंदापूरच्या शिवारात ओळखीची झाली आहेत. असे केंद्र एआरएम चिपवर लिनक्स चालवत असेल, तर सेन्सरचे हे वर्णन बहुधा ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या उपकरण-नोंदींच्या संचात असते.

त्यातले काही गुणधर्म नुसती मूल्ये असतात: पत्ता, वेग, नाव. काही मात्र दुसऱ्या उपकरणाकडे बोट दाखवतात, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. जमिनीच्या कागदांतही असेच असते: आठ-अ उताऱ्यावर जमिनीची सगळी हकीकत नसते, गट नंबर असतो. बाकीचा तपशील त्या गटाच्या सातबारावर पाहायचा. डिव्हाइस ट्रीत गट नंबराचे काम ‘पीहँडल’ हा ३२ बिटांचा आकडा करतो. लिहिणारा नाव लिहितो, कंपायलर त्याचा आकडा करतो.

पण नुसता निर्देश पुरत नाही. पिनांचा नियंत्रक कोणता हे कळले, तरी कितवी पिन आणि ती शून्यावर चालू मानायची की एकावर, हेही हवे. म्हणून निर्देशामागे आकडे येतात. ते किती, हे ज्याच्याकडे बोट आहे ते उपकरण स्वतःच्या नोंदीत ठरवते. त्यामुळे सेन्सरच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो चालवणाऱ्या कोडला, नियंत्रकाचे बारकावे ठाऊक असावे लागत नाहीत, आणि या रचनेचे मोठेपण यातच आहे.

कर्नलच्या आत या निर्देशाचे रूप सुटसुटीत आहे: लक्ष्य-नोंदीचा, म्हणजे ज्याच्याकडे बोट आहे त्या उपकरणाच्या नोंदीचा, पॉइंटर, आकड्यांची संख्या आणि ते आकडे. इंटेलच्या संगणकांवर वर्णन फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच साठवलेल्या मूलभूत सॉफ्टवेअरच्या, एसीपीआय तक्त्यांतून येते, तरी ड्रायव्हरच्या हाती हेच पडते. फर्मवेअरचे वर्णन अपुरे असेल, तर ‘सॉफ्टवेअर नोड’मध्ये ते सी भाषेतच लिहिता येते. सुरुवातीला तिथे निर्देशांची यादी इतर गुणधर्मांपासून वेगळी असे. पुढे निर्देश हाही संख्या किंवा मजकुरासारखा गुणधर्माचाच प्रकार झाला. बदल छोटा, पण योग्यच: एका उपकरणाची माहिती एका जागी आली.

निर्देश वाचताना कर्नल लक्ष्य-नोंदीचा वापरमोजणीचा आकडा वाढवतो. काम संपल्यावर तो उतरवणे ड्रायव्हरचे कर्तव्य. विसरला, तर नोंद स्मृतीत अडकून राहू शकते. उपकरणे सुरू करण्याचा क्रमही याच निर्देशांवरून लागतो. वीजपुरवठ्याचा ड्रायव्हर तयार नसेल, तर सेन्सरची पाळी पुढे ढकलली जाते आणि पुरवठा सज्ज झाल्यावर पुन्हा येते.